हरता न आलेला डाव

मला बुद्धिबळ येतं, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ऐकणारा खेळणारा नसला की हे खपून जातं. खेळणारा असला तर तो हौसेनं पट मांडतो आणि थोड्या वेळानं जांभया देऊ लागतो. माझ्याशी एकदा खेळलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा बसत नाही. हरतो म्हणून नव्हे, कंटाळतो म्हणून. मी कुणाचं काही मारत नाही, माझं काही मारू देत नाही. सगळी प्यादी समोरच्या प्याद्यांच्या नाकाला नाक लावून उभी करतो आणि त्या भिंतीमागं आपला हत्ती इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवत बसतो. आमच्या दुष्काळी भागातल्या वाशीच्या दूध शीतकरण केंद्रात मी हंगामी नोकरीला होतो. तिथला एक सहकारी म्हणायचा, याच्याशी खेळण्यापेक्षा दूध नासताना बघत बसावं, त्यात निदान शेवट तरी होतो.

हा खेळ मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. मोठ्या दुष्काळात आमच्या शिवारालगत पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं मी मामाबरोबर खडी फोडायला जायचो. मॅट्रिकला बसून निकालाची वाट बघत होतो. पोटात दुष्काळी कामावर वाटायची ती सुकडी आणि डोक्यात साहेब व्हायचे बेत. खडीचा ढीग लावून झाला की त्याची मोजणी व्हायची, पण मोजणीवाला कधी उगवेल याचा नेम नसे. कधी दुपारी यायचा, कधी दिवेलागणीला, कधी थेट दुसऱ्या दिवशी. ढीग सोडून जावं तर शेजारचा त्यातली चार घमेली आपल्या ढिगात ओढणार. म्हणून माणसं आपापल्या ढिगाला राखण बसून राहायची. मामानं एका सपाट दगडावर कोळशानं पट आखला आणि खडीच्याच सोंगट्या केल्या. बुटका दगड प्यादं, चपटा उंट, टोकदार घोडा. वजीर कोणता आणि राजा कोणता यावरून रोज एकदा तरी तकरार व्हायची.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत त्याचा घोडा मारला, तर त्यानं माझ्या हातावर चापट दिली.

"मारतूस कशापायी रं? डाव सपला मंग काय करायचं? उनाकडं बघत बसायचं व्हय?"

तेव्हापासून डाव मोजणीवाला येईपर्यंत पुरवायचा, हाच आमचा नियम झाला. त्या कामावर सगळेच असं खेळू लागले. भराभर मारामारी करून डाव संपवणाऱ्याला उधळ्या म्हणत आणि त्याला कुणी खेळायला घेत नसे. मी मात्र या विद्येत मामाच्याही पुढं गेलो. दुष्काळ सरला, तलावात पाणी आलं, मामाच्या गुडघ्यांनी संप केला, मी दूध संघात चिकटलो, पण माझी प्यादी जिथल्या तिथं अडून उभीच राहिली.

पुढं बऱ्याच वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं. पाऊस पुन्हा गायब होता, त्यामुळं केंद्रात दूधही येत नव्हतं आणि माझी नोकरी कायम होण्याची चिन्हंही दिसत नव्हती. स्थळं येत होती आणि मला बघून जात होती. माझ्यात सांगण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मामाला फार छळत असावा. कारण तेरखेड्याचं स्थळ आलं तेव्हा तो मध्यस्थाला म्हणाला, "पोरगं बुद्धिबळात लई पटाईत हाय." मध्यस्थानं हे तेरखेड्यात जसंच्या तसं पोचवलं आणि तिथून लगेच बोलावणं आलं. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. असल्या मुलीकडून मला बोलावणं यावं याचं मला स्वतःलाच नवल वाटलं, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. नवी टेरीकॉटची पँट शिवून घेतली.

तेरखेड्यात शिरलं की नाकाला दारूचा वास येतो. म्हणजे शोभेच्या दारूचा, गावाचा धंदाच फटाक्यांचा. मुलीच्या घराला लागूनच फटाक्यांचं एक शेड होतं. म्हणून त्यांच्या दाराबाहेर एक कोनाडा केलेला होता आणि येणाऱ्यानं आपली आगपेटी त्यात ठेवूनच आत यायचं अशी पद्धत होती. मामानं आगपेटी ठेवली, पण विड्यांचं बंडल मात्र छातीशी धरून तो आत आला. घरात बाप आणि लेक दोघंच. थोरला भाऊ आखातात नोकरीला. वडील निवृत्त हेडमास्तर होते. निजामाच्या काळात हैदराबादेस शिकलेले, ताठ बसणारे, भिवया पांढऱ्या आणि जाड. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि तिवईवर एक काळी पेटी.

"पाहुणे, बसा," मास्तर म्हणाले. "खेळता असं ऐकलं. बाकी बातचीत नंतर करू."

ती पेटी म्हणजे बुद्धिबळाचं यंत्र होतं. थोरल्यानं आखातातून आणलेलं. वर पट, कडेनं बारीक लाल दिवे. आपण सोंगटी उचलून घरावर दाबायची की आत पी पी वाजायचं. मग पेटी विचार करायची, आणि कुठली सोंगटी कुठं न्यायची ते दिवे लावून दाखवायची. पेटीला हात नसल्यामुळं तिच्या सोंगट्या कुणीतरी हलवाव्या लागत. ते काम मुलीकडं होतं. म्हणजे मी मुलगी बघायला गेलो आणि मुलगी माझ्यासमोर बसली ती प्रतिपक्षाकडून. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा नव्या पँटीच्या इस्त्रीकडं, आणि पट मांडायला घेतला. फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आला, पण माझं खाण्याकडं लक्ष नव्हतं. हा डाव जिंकला तर ही मुलगी आपली, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तसं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

सुरुवातीलाच माझी शोभा झाली. आमच्या गावठी खेळात राजाला एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडी मारता येते. मी रुबाबात राजा उचलला आणि कोपऱ्यात नेऊन दाबला. पेटी चिडून वाजली. पुन्हा दाबला, पुन्हा वाजली.

"राजाची अडीच घरं हायती की," मामा पेटीला म्हणाला. "आजून शह बी बसला न्हाय त्याला."

पेटी वाजतच राहिली. मामा तिला समजावत राहिला. शेवटी मास्तर म्हणाले, "ती विलायती आहे. तिला आपले कायदे मंजूर न्हाईत. राजा मागं घ्या." मुलगी खाली मान घालून हसली असावी, कारण तिचा खांदा हलला.

मग मी माझ्या मूळ स्वभावावर आलो. प्यादी एकेक घर पुढं, एकमेकांना धरून. पेटीनं सुरुवातीला माझा एक घोडा आणि एक उंट मारला, मीही नाइलाजानं तिचे मारले, पण थोड्याच वेळात पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत उभी राहिली. माझं प्यादं तिच्या प्याद्यासमोर, हलायला जागा नाही. मग मी हत्ती फिरवायला घेतला.

पुढं यंत्रांबद्दल जे काही वाचलं-ऐकलं त्यातून मला कळलं की त्या दिवशी पेटीचं काय झालं असणार. असलं यंत्र मोजतं. मी असं केलं तर हा तसं करील, मग मी असं, मग तो तसं. त्या काळच्या पेट्या असं दोन-तीन खेळ्यांपर्यंत मोजत. तेवढ्यात काही मिळत असेल, काही जात असेल, तर त्या ते बिनचूक ओळखत. मारामारी सुरू असली की त्यांच्यासमोर माणसाचा टिकाव लागत नसे. मास्तर स्वतः घोडे उधळत खेळायचे आणि रोज हरायचे, ते यामुळंच. पण जिथं पुढच्या तीन खेळ्यांत काहीच घडणार नाही, तिथं पेटीला सगळ्या खेळ्या सारख्याच दिसतात. हा हत्ती इकडं न्या की तिकडं न्या, हिशेब तोच. भिंत फोडायची तर एखादा घोडा द्यावा लागतो, आणि घोडा देऊन पंधरा खेळ्यांनंतर काय हाती लागेल ते तिला दिसतच नाही. मग ती घोडा कशाला देईल?

आणखी एक गंमत मला कळली, आणि पेटीबद्दल आपुलकी वाटली. संकट येताना दिसलं की ती मध्येच एखादं प्यादं फुकट देऊन टाकते. त्यामुळं संकट एक खेळी लांबतं आणि तिच्या नजरेबाहेर जातं, मग तिला वाटतं संकट टळलं. मी दाढ दुखायला लागली की लवंग धरतो आणि दाढ बरी झाली असं समजतो. ती दाढ शेवटी काढावीच लागली, आणि शेजारचीही.

त्या दुपारी मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की मी फार गहन खेळतो आहे. पेटीनं हत्ती डावीकडं नेला, मी माझा उजवीकडं. तिनं परत आणला, मीही आणला. मुलगी बिचारी तोच हत्ती उचलत होती आणि ठेवत होती. मामा भिंतीला टेकून घोरायला लागला. मास्तरांच्या भिवया जवळ जवळ येत चालल्या होत्या.

"पाहुणे, पुढं काही इरादा आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. इरादा काहीच नव्हता.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. टँकर आला होता. मुलगी ताडकन उठली आणि घागरी घेऊन निघाली. मास्तर म्हणाले, "डाव राहू द्या, पेटी कुठं जात न्हाय." मीही दोन बादल्या उचलल्या. मदत करायची होती हे खरं, पण मास्तरांच्या भिवयांपासून सुटायचं होतं हेही तितकंच खरं.

रांग लांब होती. मुलगी माझ्या पुढं उभी होती. तिनंच मागं वळून विचारलं.

"बाबांनी तुम्हाला काही सांगितलं न्हाय ना?"

"कशाबद्दल?"

"ते जिंकायला बसवत न्हाईत कुणाला. त्या पेटीसमोर सगळेच हरतात. हरताना माणूस कसा वागतो, तेवढंच बघतात ते. एक इंजिनिअर आलते. हरल्यावर म्हणाले पेटीतच बिघाड आहे. दुसरे एक हसत हसत हरले, पण जाताना दार आपटून गेले. दोघांनाबी बाबांनी नकार कळवला."

मी बादली या हातातून त्या हातात घेतली. इतका वेळ मी जी लढाई लढत होतो, ती लढाईच नव्हती.

"मग मी काय करू?"

"हरा," ती म्हणाली. "पर नीट हरा."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी या घरात टिकावं असं तिला थोडं तरी वाटत होतं, नाहीतर तिनं हे मला का सांगितलं असतं? तोवर मला शिक्षिका असलेली बायको हवी होती. त्या रांगेत, घागरीवर हात ठेवून उभी असलेली हीच मुलगी हवी आहे असं मला वाटलं. पाणी भरून आम्ही परत आलो. माझ्या दोन्ही बादल्या वाटेत निम्म्या सांडल्या.

परत बसल्यावर मी हरायला सुरुवात केली. आधी एक हत्ती नेऊन पेटीच्या घोड्यासमोर ठेवला. पेटीनं तो लगेच मारला. मी चेहरा शांत ठेवला आणि मास्तरांकडं बघितलं. ते बघत होते. मग मी एक उंट दिला. तोही तिनं मारला. आता तिचं बळ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झालं होतं. हिशेबानं ती जिंकलेली होती, आणि बहुधा तिला तसं वाटतही होतं. पण मधली भिंत तशीच उभी होती. तिचे दोन हत्ती, वजीर, उंट, सगळे भिंतीपलीकडं दाटीवाटीनं उभे, आणि अलीकडं यायला एक फट नाही. घोडा उडी मारून येईल तर प्रत्येक घरावर माझ्या प्याद्याची नजर. माझा राजा आत निवांत. पेटीनं पुन्हा तोच हत्ती डावीकडं नेला, उजवीकडं आणला.

मी आणखी काय देऊ तेच मला कळेना. प्यादी हलवून वाट मोकळी करावी तर प्यादी हलतच नव्हती, मीच ती इतकी पक्की अडकवली होती. वजीरही देऊन टाकला. पेटीनं वजीर मारला आणि पुन्हा हत्ती फिरवू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून हरायला निघालो होतो आणि मामानं शिकवलेली विद्या मला हरू देईना. मुलीनं एकदा माझ्याकडं बघितलं, तिच्या डोळ्यांत दया होती. आज स्पर्धांचे नियम ठाऊक असलेला कुणी सांगेल की तीच मांडणी तीनदा आली तेव्हाच तो डाव बरोबरीत सुटला होता. आमच्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

शेवटी मास्तर उठले आणि त्यांनी पेटीचं बटण बंद केलं. दिवे विझले.

"पाहुणे, मला वाटलं होतं माणूस हरला की दिसतो," ते म्हणाले. "तुम्हाला तर हरायलासुद्धा येत न्हाय. मी काय म्हणून पोरगी द्यायची?"

मामा जागा झाला आणि काय झालं ते न कळून जोरात म्हणाला, "देऊन टाका की मास्तर." मी चपला शोधायला वाकलो. मला त्या घरातून जायचं नव्हतं, आणि तसं म्हणायची हिंमतही नव्हती.

तेव्हा मुलगी बोलली. ती अजून पटाच्या त्याच बाजूला बसलेली होती.

"बाबा, जे हरले ते सगळे उठून गेले. हे टँकरला जाऊन परत येऊन बसले. आपल्याकडं दुसरं काय करायचं असतं? पाण्याला बसायचं, बदलीच्या ऑर्डरीला बसायचं, पावसाला बसायचं. काही घडत नसताना ज्याच्याजवळ बसता येईल असा माणूस पायजे मला."

मास्तरांनी लेकीकडं बघितलं. मग, "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले आणि बाहेर कोनाड्यातली मामाची आगपेटी आणून त्याच्या हातात दिली. म्हणजे आता निघा.

लग्न झालं. बुद्धवंदनेला मास्तर पहिल्या रांगेत होते, पण माझ्याकडं न बघता. पुढची कित्येक वर्षं त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. लेकीला विचारायचे, "तुझे कोंडीवाले कसे आहेत?" मी सासुरवाडीला गेलो की पट आत ठेवला जायचा. माझी नोकरी कायम झाली, वाशीत आम्ही घर बांधलं, तरी त्यांच्या लेखी मी हरता न येणारा माणूसच राहिलो. मी यावर विनोद करायचो. बायको हसायची नाही, कारण तिला ठाऊक होतं की मला ते लागतं.

मग मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आम्ही त्यांना वाशीला आणलं. घोडे उधळणारा माणूस दाराकडं तोंड करून खुर्चीत बसून राहायचा. दिवसभर काहीच घडायचं नाही. पेटी ट्रंकेत होती, आत सेल फुटून पाझरले होते.

एक दिवस त्यांनी डाव्या हातानं फळीवरच्या साध्या लाकडी पटाकडं बोट केलं. मी पट मांडला. माझ्याशी ते पहिल्यांदाच खेळत होते. त्या दिवसापासून दुपारी आम्ही खेळू लागलो, एकेक डाव दिवसेंदिवस चालायचा. आता त्यांचे घोडे उधळत नव्हते. तेही प्यादी नाकाला नाक लावून उभी करत होते आणि मागं हत्ती फिरवत होते.

एका दुपारी ते फार थकलेले दिसले. म्हटलं, यांना एकदा जिंकू द्यावं. या वेळी कडेच्या एका प्याद्याला मी हलायला जागा ठेवलेली होती. मी ते पुढं सारलं आणि भिंतीला फट पाडली. दोन-चार खेळ्यांत माझा राजा सापडला असता.

त्यांनी पटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. डावा हात हळूहळू पुढं आला, त्यानं माझं प्यादं धरलं आणि आधीच्या घरावर परत ठेवलं.

"मला हरायला येतं आणि जिंकायलाबी," ते म्हणाले. एकेक शब्द जोर लावून. "पर आत्ता नको. डाव चालू द्या, जावईबापू."

बायको दारात येऊन उभी होती. मी हत्ती उचलला आणि इकडून तिकडं नेला. त्यांनी त्यांचा तिकडून इकडं आणला.